निळ्या बैलाचे खूर

"ह्याला दात किती?" वैनींनी विचारलं.

दस्तगीरभाईंनी हातातला टायर उलटसुलट करून पाहिला आणि मग माझ्याकडे पाहिलं. जतच्या स्टँडमागच्या गल्लीत त्यांचं सायकलचं दुकान होतं. गिऱ्हाइकांचे नाना प्रश्न त्यांनी ऐकले असतील, पण टायरचे दात कुणी विचारले नसावेत.

"दात म्हणजे ही वरची बटणं," मी त्यांना म्हटलं. "वैनी, आपण बैलबाजारात नाही आलो."

"मला ठावं हाय कुठं आलोय ते. पर पळवायचा बैलांच्या संगं, मग बघून घ्यायचा बी बैलावाणीच."

दस्तगीरभाईंनी टायर खाली ठेवला. "बैलांसंगं काय पळवणार?"

"ती," मी दारातल्या आमच्या निळ्या इलेक्ट्रिक सायकलकडे बोट केलं. "येत्या बेंदराला. कर तोडायचीय."

त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या पांढऱ्या केसांकडे, मग वैनींकडे. मग दोन स्टुलं पुढे सरकवली आणि समोरच्या टपरीकडे ओरडून तीन चहा सांगितले.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. वैनी गेल्या, दस्तगीरभाईही गेले. पण ज्येष्ठ लागला की अजून माझ्या पायांत तीच शिरशिरी येते, आणि घरात कुणी नसलं तर मी चारदोन पावलं उगाच पळूनही बघते.

आमच्या गावाकडे कर्नाटकी बेंदूर असतो, ज्येष्ठी पौर्णिमेला. दिवसभर ओढ्यावर बैल धुतात, शिंगं रंगवतात, अंगावर झूल घालतात. दिवस कलला की वेशीत गवताची मनगटाएवढी जाड दोरी आडवी बांधतात, तिच्यात पिंपळाची पानं खोचतात. हीच कर. ओढ्यापासून बैल सुटतात, चढाच्या गल्लीतून पळत येतात, आणि ज्याचा बैल सगळ्यांआधी कर तोडून गावात शिरतो त्याला मानाचा फेटा. बैल पळवायचा हक्क मात्र सगळ्यांना नाही. तो मानकऱ्यांच्या घरांना. आमच्या दादाचं, म्हणजे माझ्या माहेरचं बिराजदारांचं घर त्यांतलं एक.

दादा गेला, तेव्हा गोठ्यात एकच बैल उरला होता. त्या वर्षी संक्रांत झाल्यावर तोही म्हातारपणानं गेला. मागे राहिलो आम्ही दोघी, वैनी आणि मी. मी मिरजेच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आयुष्य काढलं. मालक लवकर गेले, मूलबाळ नव्हतं. निवृत्त झाले तेव्हा दादा म्हणाला, तिथं एकटी काय करतेस, ये इकडे. तशी आले. येताना ही सायकल घेऊन आले. पहिल्या दिवशी गावानं तिला हात लावून पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून वैनींनी तिला कामाला जुंपलं. मागे कडब्याच्या पेंढ्या, पुढे दुधाचे कॅन.

बेंदराच्या आधी गुरुपादअप्पांचा निरोप आला. गावचे रीतिरिवाज त्यांच्या शब्दावर चालत. बिराजदारांची दावण रिकामी झाली आहे, तेव्हा त्यांची जागा यंदापासून दुसरा मानकरी शिवाप्पा याच्या धाकट्या भावाला, रेवणाप्पाला द्यायची, असं चावडीत ठरत होतं. तो नुकता वेगळा निघाला होता आणि त्याच्याकडे बैल होते.

वैनी तशाच उठून चावडीवर गेल्या. मी मागोमाग.

"दावण रिकामी कोण म्हणतंय?" त्यांनी विचारलं. "आमची सायकल कडबा आणती, दूध डेअरीला नेती, आन् रातचं गोठ्यात दावणीलाच साखळीनं बांधलेली असती."

रेवणाप्पा हसला. "काकू, ती खाती काय?"

"वीज खाती. आन् शेण घालत न्हाई, एवढाच काय तो तोटा."

"पण बेंदराला जोडी लागते की वं."

"दोन चाकं हाईत. मोज."

आता चावडीवरचे सगळेच हसायला लागले होते. आमच्याकडे पांढऱ्या बैलानं कर तोडली तर ज्वारी चांगली पिकते आणि तांबड्यानं तोडली तर खरीप, असं मानतात. कुणीतरी मागून विचारलं, "आन् निळ्या बैलानं तोडली तर काय पिकंल, बाळाबाई?"

"पाणी," वैनी म्हणाल्या.

हसणं तिथंच थांबलं. जत तालुक्यात पाण्याची चेष्टा कुणी करत नाही.

गुरुपादअप्पांनी काठीनं जमिनीवर एक रेघ ओढली. मग म्हणाले, "पळवा. कर तोडली तर बिराजदारांची जागा कायमची राहील, त्यावर पुन्हा कुणी बोलायचं नाही. नाही तोडली तर जागा रेवणाप्पाची. मग तुम्ही बोलायचं नाही."

घरी येताना मी विचारलं, "वैनी, पळवणार कोण?"

"तुमी. मला कुठं सायकल येती?"

मी तेव्हा साठी ओलांडली होती.

आणि म्हणून आम्ही दुधाच्या टेम्पोत सायकल घालून जतला आलो होतो. ओझी वाहून दोन्ही टायर टकलासारखे गुळगुळीत झाले होते. ओढ्यातून भिजलेले बैल दिवसभर वर-खाली करतात, त्यामुळे संध्याकाळपर्यंत ती गल्ली काळ्या मातीच्या चिखलानं भरते. सरकी पेंड कालवावी तशी. त्या चिखलात जुन्या टायरवर मी दहा पावलंसुद्धा गेले नसते.

"हा घ्या," दस्तगीरभाईंनी एक सपाट नक्षीचा टायर काढला. "हलका चालतो. बॅटरी लई वेळ टिकते."

"आम्हाला वेशीपर्यंतच जायचंय," मी म्हटलं.

"मग हा. फुल बटणवाला. डोंगरावर चढतो." त्याच्यावर दाट, मक्याच्या कणसासारखे दाणे होते. मला तो बघताक्षणी आवडला.

वैनींनी अंगठ्यानं दाबला, कड वाकवून पाहिली, वास घेतला. मग आपल्या पिशवीत हात घातला आणि केळीच्या पानात बांधलेलं काहीतरी काढून दुकानाच्या पायरीवर ठेवलं. पान सोडलं तर आत काळ्या मातीचा गोळा.

"ही कुठली माती?" दस्तगीरभाईंनी विचारलं.

"आमच्या ओढ्याची. पाणी आणा तांब्याभर."

मला यातलं काहीही माहीत नव्हतं. वैनी पायरीवर फतकल मारून बसल्या, भाकरीचं पीठ मळावं तशी ती माती मळली आणि पसरली. मग एकेक टायर त्यावरून दाबून फिरवायला लावला. दस्तगीरभाईंनी बाह्या सरसावल्या. शेजारचा घड्याळवाला आला, टपरीवाला चहाची किटली घेऊन तिथंच थांबला. माझा तो आवडता दाट बटणांचा टायर एका फेऱ्यात माखला आणि काळ्या मडक्यासारखा गुळगुळीत झाला. बटणं कुठं गेली ते कळेना.

"बघा," वैनी म्हणाल्या. "दात सगळे हाईत, पर तोंड मिटलंय."

मग त्यांनी वर टांगलेला एक टायर मागितला. त्याची बटणं मोठी होती आणि लांब लांब होती, मध्ये बोट जाईल एवढी जागा. त्यालाही माती लागली, पण वैनींनी हातानं आपटला तशी ढेकळं गळून पडली.

"ह्यो फाकलेल्या खुराचा हाय. ह्यो घ्यायचा. दोन द्या."

"दोन नको," मी म्हटलं. "मागे हा, पुढे नको."

"का?"

"पुढचं चाक हँडलनं वळवायचं असतं. असली मोठी बटणं चिखलात डगडगतात. पुढचं घसरलं की माणूस तोंडावर. मागचं घसरलं तर निदान सावरता येतं." मिरजेच्या पावसात मी एक्स्चेंजला सायकलनं जायची, तेवढं मला कळत होतं. "पुढे मला तो हवा." मी एका अरुंद टायरकडे बोट दाखवलं. मध्यावर एक उभी कड होती, नांगराच्या फाळासारखी, आणि दोन्ही बाजूंना तिरप्या रेघा.

"असला काडीपैलवान?"

"फिरवून बघा मातीवर."

वैनींनी फिरवला. त्यानं मातीत सरळ चर पाडला, इकडे नाही की तिकडे नाही. वैनी त्या चराकडे पाहत राहिल्या.

"एक असला, एक तसला," दस्तगीरभाई म्हणाले. "कंपनीवाले हसतील, बाई."

"कंपनीवाले कर तोडाया येणार हाईत का?" वैनींनी विचारलं, आणि बैलबाजारातल्यासारखा बोटांवर भाव ठरवायला पदराखालून हात पुढे केला. दस्तगीरभाई दोन पावलं मागे सरले. शेवटी भाव तोंडानं ठरला, पण टायर चढवताना चाकातल्या मोटरची वायर सोडायची आणि जोडायची मजुरी मात्र त्यांनी घेतली नाही. म्हणाले, "तोडली तर कळवा. नाही तोडली तरी कळवा."

बेंदराच्या आदल्या दिवशी खांदेमळणी असते. बैलाचे वर्षभर जू वाहून घट्टे पडलेले खांदे लोणी-हळदीनं चोळायचे. मी संध्याकाळी डेअरीवरून आले तेव्हा वैनी गोठ्यातून हात पुसत बाहेर येत होत्या.

बेंदराच्या सकाळी सायकल बाहेर काढली, उतारावर जरा बसून पाहिली, ब्रेक दाबला. सायकल थांबली नाही. पुन्हा दाबला. शेवटी पाय टेकून, चपला घासत, बाभळीच्या कुंपणापाशी थांबले.

"वैनी, हिला काय लावलंत?"

"काय म्हंजी? लोणी आन् हळद. काल खांदेमळणी न्हवती का?"

"कुठं लावलंत?"

"खांद्यांला." त्यांनी हँडलवर हात ठेवला. "आन् जरा पायांला. नवं खूर हाईत, सोलू नयेत."

"नुसत्या रबराला?"

"त्या लोखंडी कडीला बी लावलं. लई कोरडी दिसत हुती बिचारी."

ब्रेकचे गुटके नेमके त्या कडीला धरतात, हे मी त्यांना सांगितलं. वैनी मटकन खाली बसल्या. मग आम्ही दोघींनी राखेनं घासलं, साबणानं घासलं, रबरावरची बटणं एकेक करून पुसली. टायर स्वच्छ झाले. कडी चकाकायला लागली. पण गुटक्यांनी रात्रभर लोणी पिऊन घेतलं होतं. ते काही केल्या धरेनात.

"आता?" मी म्हटलं.

वैनींनी राखेचे हात झटकले. "वन्सं, कर तुटायच्या आदी थांबायचं न्हाई. आन् तुटल्यावर थांबवाया अख्खं गाव हाय."

दुपारपर्यंत आम्ही तिला सजवली. हँडलला गोंडे, पुढे घुंगूरमाळ, कॅरिअरवर दादाच्या बैलाची झूल. वैनींनी हँडलला कासरा बांधला. बैलाचा मालक कासरा धरून शेजारून पळतो, तशा त्या पळणार होत्या. ओढ्यावर आम्ही पोचलो तेव्हा पोरीबाळी बैल सोडून आमच्याकडेच बघायला लागल्या. शिवाप्पाचा पांढरा खोंड सगळ्यांच्या पुढे फुरफुरत होता. शिवाप्पा भला माणूस. म्हणाला, "अनसूयाक्का, पडायचं झालं तर डाव्या अंगाला पडा. उजवीकडं माझा बैल हाय."

"तू नीट पळ म्हणजे झालं," मी म्हटलं. वर वेशीत कर दिसत होती, हिरवी, वाऱ्यानं हलत. तिच्यामागे चावडीच्या कट्ट्यावर गुरुपादअप्पांचा पांढरा पटका. आणि मधली सगळी गल्ली काळीभोर, खुरांनी तुडवलेली, चकचकणारी.

हलगी घुमली.

मी मूठ पिळली. सायकलनं असा हिसका दिला की वैनी कासऱ्यासकट दोन हात ओढल्या गेल्या. बैल सुटले. माझ्या डाव्या-उजव्या बाजूला शिंगं, घुंगरं, माणसांच्या आरोळ्या, चिखलाचे सपकारे. पुढचं चाक सरळ चर पाडत निघालं होतं. मागून बटणं माती खात होती आणि थुंकत होती, माझ्या पाठीवर, झुलीवर, वैनींवर. मी तोंड मिटून घेतलं होतं आणि डोळे त्या दोरीवर. चार बैल मागे पडले. पुढे फक्त शिवाप्पाचा खोंड.

वैनींचा श्वास मला ऐकू येत होता. कासरा ताणला गेला. हँडल उजवीकडे ओढलं जायला लागलं. मी मान वळवायला गेले.

"बघू नका," त्या मागून म्हणाल्या. "मी सोडतीय. जावा तुमी."

कासरा सैल झाला. सायकल उसळली. अंगातलं साठ वर्षांचं वजन कुणीतरी उतरवून घेतल्यासारखं मला वाटलं. मी पायडलवर उभी राहिले. एक्स्चेंजला उशीर झाल्यावर मिरजेच्या पुलावर उभी राहायची तशी.

वेशीच्या जरा खाली चिखल सगळ्यात खोल होता. तिथं शिवाप्पाचा पाय गेला. तो पडला, पण कासरा सोडला नाही. खोंडानं दोन हात त्याला ओढलं, आणि मग ते जनावर थबकलं. मालक खाली आहे म्हटल्यावर ते पुढे पाऊल टाकेना. मी डाव्या अंगानं गेले. पुढचं चाक क्षणभर वाकडं झालं, मग कडेनं जमीन धरली. मागचं रुतलं, घुमलं, आणि ढेकूळ उडवत वर आलं.

कर माझ्या छातीवर बसली. ओल्या गवताचा वास, पिंपळाची पानं तोंडावर, आणि एक लांब फाटल्याचा आवाज.

मग मला आठवलं की ब्रेक नाहीत.

गाव दोन्ही बाजूंना फाकलं. हलगीवाला हलगीसकट कट्ट्यावर चढला. मी चावडी ओलांडली आणि पलीकडं रचलेल्या कडब्याच्या गंजीत घुसले. सगळं एकदम मऊ झालं आणि थांबलं. मी आडवी पडले होते. शेजारी मागचं चाक अजून गरगरत होतं आणि त्याच्यावरचा चिखल गळून पडत होता.

चारजणांनी मला बाहेर काढलं. आरडाओरडा चालला होता. शिवाप्पा चिखलानं माखून आला आणि माझ्या पाया पडला. गुरुपादअप्पा हातात फेटा घेऊन कट्ट्यावरून उतरले. तेवढ्यात रेवणाप्पा मधे आला.

"अप्पा, एक बोलू का? सायकल बिराजदारांची असंल. पर बैल घरच्या माणसानं पळवायचा असतो. गड्यानं न्हाई, जावयानं न्हाई. ही तर दिलेली लेक. पाटण्यांची. बिराजदारांच्या घरातलं कोण पळालं?"

त्याचं म्हणणं रीतीला धरून होतं, ते मलाही कळलं. गुरुपादअप्पांनी फेटा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "अनसूया," ते हळू म्हणाले, "तू आमचीच गं. पण रीत आहे."

चाळीस वर्षं माझ्या नावापुढं पाटणे होतं. माहेरच्या घरात मी राहत होते, ते दादानं बोलावलं म्हणून. दादा गेल्यावर, वैनी काही बोलत नाहीत म्हणून.

गर्दी सारत वैनी आल्या. गुडघ्यापर्यंत चिखल, एका पायात चप्पल नाही. धाप लागलेली. हातात कासरा तसाच. त्यांना कुणीतरी काय झालं ते सांगितलं. त्यांनी ते ऐकून घेतलं, श्वास जागेवर येऊ दिला.

"रेवणाप्पा, मी कुठली रं?"

"तुमी... बिराजदारांच्या."

"जलमलेली कुठली?"

"चडचणकडच्या."

"चडचणकडची मी. लगीन होऊन या गावात आले. मी कासरा धरला त्ये तुला चाललं. चूल धरली चाललं. मला कुणी इचारलं न्हाई, तू कुठली." त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "ही त्या घरात जलमली. त्या गोठ्यात रांगली. आन् आज तू हिला इचारतोस, घरातलं कोण?"

"मी सायकल शिकले न्हाई, त्ये काय डोकं न्हाई म्हणून न्हवं. घरच्या लेकीनं पळवावी म्हणून," वैनी म्हणाल्या. हे त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या. मग गुरुपादअप्पांच्या हातातून त्यांनी फेटा घेतला. घेतला म्हणजे मागितला नाही, घेतलाच. माझ्या डोक्यावरचे कडब्याचे तुकडे झटकले आणि तो लालभडक फेटा माझ्या केसांवर गुंडाळायला लागल्या. दादाला दर बेंदराला त्याच बांधायच्या. हात सराईत होता. जरा घट्ट झाला.

हलगीवाला कट्ट्यावरून उतरला. कर तोडणाऱ्याचं नाव पुकारत त्याला वेशीपासून मारुतीपर्यंत जायचं होतं. त्यानं गुरुपादअप्पांकडे पाहिलं. "अप्पा, नाव काय घेऊ?"

गुरुपादअप्पांनी रेवणाप्पाकडे पाहिलं. रेवणाप्पानं खाली पाहिलं.

"घे की," अप्पा म्हणाले. "बिराजदारांची अनसूया."

त्यानं हलगीवर काडी मारली आणि ते नाव उचललं. लग्नाच्या आदल्या दिवसापर्यंत शाळेत, पाणवठ्यावर, दादाच्या हाकेत मला तेच नाव होतं. आता सगळं गाव ते घेत होतं. मी मान खाली घातली.

"चला," वैनी माझ्या दंडाला धरून म्हणाल्या. "मान ताठ ठेवा, वन्सं. फेटा घसरंल."